काळाच्या प्रवाशाला संकटच का भेटते?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



काळातून प्रवास करणाऱ्या माणसाच्या गोष्टी आपण सगळ्यांनीच कधी ना कधी वाचल्या किंवा पाहिल्या आहेत. यंत्रात बसायचे, कळ दाबायची, आणि शंभर वर्षे मागे किंवा हजार वर्षे पुढे जाऊन उतरायचे. या गोष्टी वाचताना एक शंका मनात येते. हा प्रवासी जिथे उतरतो तिथे नेमके काहीतरी पेटलेले कसे असते? कुठे लढाई, कुठे साथ, कुठे जुलमी राजा, कुठे भूकंप. एखाद्या वेळी तो साध्या बाजाराच्या दिवशी उतरला, चहा प्यायला, भाव विचारले आणि परत गेला, असे का होत नाही?

इंग्लंडमध्ये या प्रश्नावर लोक वर्षानुवर्षे गमतीने वाद घालत आले आहेत. त्याचे कारण 'डॉक्टर हू' नावाची दूरचित्रवाणी मालिका. बीबीसीने तिचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी दाखवला. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. मधल्या १९८९ ते २००५ या खंडानंतर ती पुन्हा सुरू झाली. तिचा नायक फक्त 'डॉक्टर' म्हणून ओळखला जातो. त्याला घर नाही, दार नाही. निळ्या रंगाच्या पोलिसी टेलिफोन खोक्यासारखे दिसणारे एक यंत्र हेच त्याचे बिऱ्हाड. त्यात बसून तो विश्वभर आणि काळभर भटकतो. मजेसाठी निघालेला हा भटक्या दर आठवड्याला संकटात सापडतो. हा योगायोग म्हणायचा, नशीब म्हणायचे, की आणखी काही?

प्रश्न गमतीचा वाटेल. पण थोडे खोदले की त्यातून इतिहास, गणित आणि आपले रोजचे वागणे या तिन्ही गोष्टी बाहेर येतात. शिवाय हा प्रश्न काही केवळ साहेबाच्या देशातला नाही. तो आपल्याकडेही फार जुना आहे.

आपल्या कीर्तनकारांचा लाडका नारद घ्या. हातात वीणा, पायाला भिंगरी, तिन्ही लोकांत संचार. भागवतात कथा आहे की दक्ष प्रजापतीने त्याला शापच दिला होता, तुला एका जागी ठाव मिळणार नाही. तर हा नारद जिथे जाईल तिथे काहीतरी कलागत उभी राहते. इतकी की कुणी दोन घरांत लावालावी केली तर आपण त्याला 'कळलाव्या नारद' म्हणतो. आता नारद गेला म्हणून कलह झाला, की कलह होणार होता म्हणून नारद गेला? कीर्तनाला बसलेल्या आजीलाही हा प्रश्न पडलेला असतो.

दुसरी कथा राजा ककुद्मीची. त्याची मुलगी रेवती उपवर झाली. वर कोण निवडावा हे विचारायला तो तिला घेऊन ब्रह्मदेवाकडे गेला. तिथे गायन चालले होते, म्हणून जरा थांबला. गाणे संपल्यावर ब्रह्मदेव हसून म्हणाले की, राजा, तू ज्यांची नावे मनात धरली होतीस ते केव्हाच गेले, त्यांचे नातू-पणतूही उरले नाहीत. दरम्यान सत्तावीस चतुर्युगे उलटली होती. शेवटी रेवतीचे लग्न बलरामाशी झाले आणि गोष्ट गोड झाली. पण क्षणभर विचार करा. लेकीच्या लग्नासाठी निघालेला बाप परत येतो तो ओळखीचे एकही माणूस न उरलेल्या जगात. काळाच्या प्रवाशाचे हे पहिले संकट. त्याच्यावर कुणी तलवार उपसलेली नाही, पण त्याचे सगळे हरवले आहे.

आणि तिसरा प्रवासी आपल्या मराठी विज्ञानकथेतला. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ चा, कोल्हापूरचा. २०२५ च्या २० मे रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. खगोलशास्त्रातले त्यांचे काम जगाला ठाऊक आहे. मराठी वाचकाला त्यांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा दिली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघाताच्या धक्क्याने वेगळ्याच हिंदुस्थानात जाऊन पोहोचतात. तिथे १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी हुकली आहे आणि मराठे जिंकले आहेत. पंतांच्या संकटाकडे मी पुढे येणार आहे.

आता आपल्या प्रश्नाची उत्तरे एकेक करून पाहू.

पहिले उत्तर अगदी सोपे. संकट नसेल तर गोष्टच होत नाही. वेळेवर पोहोचलेल्या एस.टी.ची बातमी कुणी छापत नाही. पोलिसांच्या डायरीत चोरी न झालेल्या घरांची नोंद नसते. आपण स्वतः प्रवासाहून आलो की काय सांगतो? गाडी चार तास रखडली, बॅग हरवली, हॉटेलात खोली मिळाली नाही. बाकीचे आठ दिवस सुखाचे गेले ते एका वाक्यात संपतात. तसेच त्या डॉक्टरचे असणार. दोन भागांच्या मधे तो किती निवांत गावे फिरला असेल, कुणास ठाऊक. आपल्याला दाखवतात ते निवडक दिवस.

हे उत्तर खरे आहे, पण पुरते नाही. ते गोष्ट सांगणाऱ्याबद्दल सांगते, काळाबद्दल काही सांगत नाही. खरोखरच कुणी काळातून भटकला तर त्याला संकट किती वेळा भेटेल? याचा हिशोब करून बघायला हवा, आणि त्यासाठी लंडनला जायला नको. आपण त्या प्रवाशाला हातकणंगले स्टेशनवर उतरवू.

मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. त्याच मार्गावरचे हे स्टेशन. तालुक्याच्या उत्तरेला वारणा, दक्षिणेकडून पंचगंगा. अळत्याजवळचा रामलिंगाचा डोंगर, कुंभोजजवळचे बाहुबली, हुपरीची चांदी, इचलकरंजीचे माग, आणि चोहीकडे ऊस. संस्थानी काळात या भागाला अळते पेटा म्हणत. समजा, आपल्या प्रवाशाने गेल्या दीडशे वर्षांतले कुठलेही एक वर्ष डोळे मिटून निवडले आणि इथे उतरला. त्याला काय दिसेल?

वाईट वर्षांची यादी करू. १८७६-७७ चा दख्खनचा मोठा दुष्काळ. १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्याच सुमारास आलेली प्लेगची साथ, जी पुढे काही वर्षे पुन्हा पुन्हा डोके वर काढत राहिली. १८९९-१९०० चा दुष्काळ. १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप. १९७२ चा महाराष्ट्राचा दुष्काळ. मग २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर. मधेच २०२० ची कोरोनाची टाळेबंदी. सगळे मिळून पंधरा-वीस वर्षे भरतील. म्हणजे दीडशेत वीस धरली तरी साडेसात फेऱ्यांतून एकदा आपला प्रवासी वाईट वर्षात उतरेल. उरलेल्या वेळी त्याला उसाच्या गाड्या, गुऱ्हाळांचा धूर आणि आठवड्याचा बाजार दिसेल.

तेही वर्षाच्या हिशोबाने. दिवसाच्या हिशोबाने तर आणखीच कमी. पूर काही वर्षभर नसतो. पंचवीस वर्षांतून एकदा दहा दिवस पूर येतो असे धरले, तर पंचवीस वर्षांचे साधारण ९,१३१ दिवस होतात आणि त्यातले पुराचे दहा. म्हणजे कुठल्याही एका दिवशी उतरलेल्या प्रवाशाला पूर भेटण्याची शक्यता नऊशेंत एक. तेव्हा जो प्रवासी दर वेळी बरोबर पुराच्याच रात्री उतरतो, तो डोळे मिटून उतरत नाही हे उघड आहे. त्याला कुणीतरी आणून सोडते. 'डॉक्टर हू'च्या लेखकांनी २०११ मधल्या एका भागात नेमके हेच उत्तर दिले. तिथे ते यंत्रच बोलू लागते, आणि डॉक्टरला जायचे असेल तिथे नव्हे, तर त्याची गरज असेल तिथे आपण त्याला नेत आलो, असे कबूल करते. आपल्याकडची आजी याला 'नारदाला देवाने धाडले' म्हणाली असती. दोघांचा मतलब एकच.

इथवर हिशोब ठीक आहे. पण या हिशोबात मी एक गोष्ट गृहीत धरली. ती अशी की बाजाराचा दिवस म्हणजे शांततेचा दिवस. ती गोष्ट आता तपासून पाहू.

समजा, आपला प्रवासी १९१० सालच्या एका छान हिवाळी सकाळी उतरला. दुष्काळ नाही, पाऊस बरा झालेला आहे, जोंधळा उभा आहे. त्याच्या वहीत तो लिहील, 'सर्व कुशल.' पण त्या काळी हिंदुस्थानात माणसाचे सरासरी आयुर्मान पंचविशीच्या आसपास होते. सगळीच माणसे पंचविशीत मरत होती असा याचा अर्थ नव्हे. फार मोठ्या संख्येने मुले पाच वर्षांची होण्याआधीच जात होती, म्हणून सरासरी इतकी खाली होती. हे संकट कुठल्या सनावळीत येत नाही, कारण ते रोजचेच होते. ज्या घरात चार पाळणे हलले आणि दोनच मुले उरली, त्या घराची बखर कुणी लिहिली नाही. प्रवाशाला ते दिसणार नाही, कारण बाहेरून सगळे शांत दिसते.

आणखी एक. त्या सकाळी प्रवाशाला तहान लागली आणि तो विहिरीकडे निघाला तर? त्या काळात अनोळखी माणसाला पहिला प्रश्न यायचा तो 'कुठल्या गावचे?' आणि पाठोपाठ दुसरा, 'कुणापैकी?' या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर त्याचा पुढचा सगळा दिवस ठरणार होता. उत्तर एका प्रकारचे असेल तर ओसरीवर घोंगडे आणि गुळपाणी. दुसऱ्या प्रकारचे असेल तर विहिरीवर पोहरा नाही, देवळात पायरी नाही, आणि चुकून शिवाशिव झाली तर मारही. एकाच गावात, एकाच दिवशी, एकाला शांतता भेटते आणि दुसऱ्याला संकट. यंत्राने दोघांना एकाच ठिकाणी उतरवले होते, तरीही.

हे मी हातकणंगले तालुक्याबद्दलच बोलतो आहे त्याला कारण आहे. याच तालुक्यातल्या माणगावला २१ आणि २२ मार्च १९२० रोजी अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते तेव्हा अवघे अठ्ठावीस वर्षांचे असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. राजर्षी शाहू महाराज स्वतः तिथे आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, असे त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले. त्याआधी १९०२ च्या २६ जुलैला महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला होता. सगळे कुशल असते तर ना तो हुकूम निघता, ना ती परिषद भरती. ज्यांना रोज संकट होते, त्यांनी आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्यांनी ते संकट म्हणून मोठ्याने सांगितले, तेव्हा कुठे ते इतिहासात नोंदले गेले.

म्हणजे आपल्या प्रश्नाचे दुसरे उत्तर असे निघते. काळाच्या प्रवाशाला संकट भेटते, कारण संकट तिथे असतेच. फक्त तिथे राहणाऱ्यांना त्याची इतकी सवय झालेली असते की त्यांना ते दिसेनासे होते. परक्याच्या डोळ्याला ते खुपते. तो विचारतो, 'ही माणसे विहिरीपासून लांब का उभी आहेत?' आणि प्रश्न विचारला की भांडण सुरू होते. मग गावकरी म्हणतात, हा आला आणि कलागत झाली. नारदाची बदनामी अशीच झाली असेल.

तिसरे उत्तर प्रवाशाच्या अज्ञानाचे. एच. जी. वेल्स यांची 'द टाइम मशीन' ही कादंबरी १८९५ साली आली. तिचा नायक इसवी सन ८,०२,७०१ मध्ये जाऊन पोहोचतो. आजूबाजूला फुले, फळे आणि हसरी माणसे पाहून त्याला वाटते, स्वर्गच हा. यंत्र तसेच टाकून तो फिरायला जातो, आणि परत येतो तर यंत्र गायब. त्या जगात जमिनीखाली कोण राहते हे त्याला ठाऊक नव्हते. परक्या मुलखात रीतभात ठाऊक नसणे हेच अर्धे संकट असते. यासाठी काळाचा प्रवास तरी कशाला हवा? मुंबईच्या लोकलमध्ये पहिल्यांदा चढणाऱ्या आमच्या भागातल्या माणसाला विचारा. कुठल्या बाजूला उतरायचे, दाराशी कधी सरकायचे हे कळेपर्यंत दोन स्टेशने पुढे गेलेला असतो.

आमचे गंगाधरपंत तर इतिहासाचे जाणकार. तरी त्यांचे काय झाले? त्या दुसऱ्या मुंबईत फिरताना आझाद मैदानावर त्यांना एक सभा दिसते. व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी. पंतांनी आपल्या जगात नऊशे नव्व्याण्णव सभांचे अध्यक्षपद भूषवलेले. रिकामी खुर्ची पाहून त्यांना राहवत नाही. ते सरळ जाऊन तिच्यावर बसतात. पण त्या जगातल्या लोकांना अध्यक्ष आणि त्यांची भाषणे यांचा कंटाळा येऊन त्यांनी ती पद्धतच मोडीत काढलेली असते. पंत ऐकायला तयार नाहीत आणि श्रोते बसवून घ्यायला तयार नाहीत. शेवटी टोमॅटो आणि अंडी येतात. यात कुणी दुष्ट नाही, राक्षस नाही, युद्ध नाही. आपल्या जगाचा नियम दुसऱ्याच्या जगात लावला, एवढेच. पानिपताच्या गोळीने केवढा इतिहास बदलला, आणि पंतांना प्रसाद मिळाला तो एका खुर्चीपायी. नारळीकरांचा मिस्कीलपणा इथे आहे, आणि शहाणपणही.

चौथे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. प्रवाशाला संकट भेटते, कारण तो थांबतो.

आपल्या भागातून पुणे-बंगळूर महामार्ग जातो, रत्नागिरी-नागपूर महामार्ग जातो. रस्त्यात अपघात झालेला असतो. मोटारसायकल आडवी, माणूस बाजूला पडलेला. शंभर गाड्या वेग कमी करतात, काच खाली करून बघतात आणि पुढे जातात. एकशेएकावी गाडी थांबते. त्या माणसाला उचलून दवाखान्यात नेले की कपड्यांना रक्त, कामाचा खाडा, पोलिसांचे प्रश्न, आणि घरी गेल्यावर 'तुम्हालाच बऱ्या भानगडी सापडतात' हे ऐकून घेणे. पण अपघात एकशे एक जणांना सापडला होता, भानगड मात्र एकालाच. संध्याकाळी ते शंभर जण घरी सांगतात की प्रवास ठीक झाला.

मदत करणाऱ्याला त्रास होतो ही भीती खोटी नव्हती. म्हणून तर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशा मदतकर्त्यांना संरक्षण देणाऱ्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचे बळ दिले, आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात तशी तरतूदच आली. आता जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. तरीही थांबायचे की नाही हे शेवटी गाडी चालवणाऱ्याच्याच हातात असते.

त्या डॉक्टरकडे या नजरेने बघा. त्याच्याजवळ यंत्र आहे. दार उघडून बाहेर आग दिसली तर दार लावून पुढच्या शतकात निघून जाणे त्याला एका क्षणाचे काम आहे. तो ते करत नाही, म्हणून त्याची गोष्ट होते. आपल्या राजर्षींचे उदाहरण तर गोष्टीतले नाही, इतिहासातले आहे. गादीवर येऊन दोन-तीन वर्षे होतात न होतात तोच त्यांच्यासमोर दुष्काळ आणि प्लेग उभे राहिले. दार लावून घेणारे राजेही त्या काळी होतेच. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने काढली, कामावर जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी शिशुगृहे काढली, प्लेगच्या दिवसांत लोकांना वस्तीबाहेर मोकळ्यावर राहण्याची व्यवस्था केली. आणि दुष्काळ पुन्हा येणार हे ओळखून राधानगरीच्या धरणाला हात घातला. ते धरण पुरे व्हायला स्वातंत्र्य यावे लागले. पण आज आमच्या भागात जो ऊस दिसतो, त्यात त्या वाईट वर्षांच्या आठवणीचा मोठा वाटा आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि त्याचा संबंध तुमच्या-माझ्या घराशी आहे.

एका जागी राहणारा माणूस आणि काळातून उड्या मारणारा प्रवासी, या दोघांना एकच गाव वेगळे दिसते. राहणाऱ्याच्या आयुष्यात पूर एकदा-दोनदा येतो, मधे कोरडी वर्षे जातात. त्या वर्षांत चिखल धुतला जातो, भिंतीला रंग लागतो आणि 'आता कुठला येतोय पूर' असे तो म्हणू लागतो. प्रवासी मात्र पूर ते पूर अशी उडी मारतो. त्याच्या वहीत २००५, २०१९, २०२१ एकाखाली एक लिहिलेले असते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि शिरोलीपाशी महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. दुधाचे आणि पेट्रोलचे टँकर रस्त्यात अडकून पडले. दोनच वर्षांनी २०२१ ला पुन्हा तीच गत.

पाटबंधारे खाते नदीकाठी दोन रेषा आखते. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ऐकणाऱ्याला वाटते, पंचवीस वर्षांतून एकदा ना, मग गेल्या वर्षी येऊन गेला, आता चोवीस वर्षे निवांत. तसे नसते. याचा अर्थ दर वर्षी शंभरात चार एवढी शक्यता, मागच्या वर्षी आला असो वा नसो. आता घर बांधणारा माणूस त्या घरात तीस वर्षे तरी राहतो. तीस वर्षांत एकदा तरी असा पूर येण्याची शक्यता शंभरात सत्तर निघते. लाल रेषेच्या पुराचीही, त्याच तीस वर्षांत, शंभरात सव्वीस. घर घेताना आपण प्लॉटचा भाव विचारतो, रस्ता विचारतो, पाणी किती वाजता येते ते विचारतो. पाणी किती उंच येते हे विचारणारे थोडे.

प्रवाशाची वही घेऊन कुणी गावात आले तर काय होते? तो सांगतो, इथे बांधू नका. लोक म्हणतात, आला अपशकुनी. काळाच्या प्रवाशाला भेटणारे हे शेवटचे संकट. त्याचे कुणी ऐकत नाही.

आपल्याकडे मात्र भविष्य ऐकण्याची एक जुनी जागा आहे. याच तालुक्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा ऑक्टोबरच्या सुमारास भरते. सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावाहून फरांडे बाबा पायी चालत येतात. भंडाऱ्याची उधळण होते, सगळे अंगण पिवळे होते, आणि बाबा भाकणूक सांगतात. पाऊस कसा होईल, पिके कशी येतील, धारण काय राहील, रोगराई किती. हजारो माणसे उन्हात उभी राहून ती ऐकतात. भाकणूक खरी ठरते की नाही या वादात मी आज शिरत नाही. मला त्यात एक गोष्ट दिसते. दूरवरून चालत आलेल्या माणसाला गाव पुढच्या वर्षाबद्दल विचारते, आणि तो संकटाचे बोलला तरी त्याला दगड मारत नाही, त्याच्या अंगावर भंडारा टाकते. ऐकण्याची ही सवय आपल्यात आहे. तोच कान पूररेषेच्या नकाशाला, पर्जन्यमापकाच्या वहीला आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींना दिला तर?

खरा काळाचा प्रवासी आजवर कुणाला भेटलेला नाही. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनी २८ जून २००९ रोजी काळाच्या प्रवाशांसाठी एक मेजवानी ठेवली होती. आमंत्रण जाहीर केले ते मेजवानी होऊन गेल्यावर, म्हणजे ज्याच्याकडे यंत्र असेल त्यालाच येता यावे. कुणी आले नाही. तेव्हा यंत्राची वाट पाहण्यात अर्थ नाही. पण आजीच्या तोंडून ऐकलेला प्लेग, आजोबांनी भिंतीवर खूण करून ठेवलेली पाण्याची रेघ, माणगावची परिषद पाहिलेल्या पिढीने आपल्या नातवंडांना सांगितलेले दोन शब्द, ही आपली यंत्रे आहेत. त्यांत बसले की दिसते ते बहुधा संकटच, कारण माणसे जपून ठेवतात ते तेच. सुखाच्या दिवसाची आठवण ठेवली नाही तरी चालते, तो आपला आपण जगता येतो. वाईट दिवसाची ठेवावी लागते, म्हणजे पुढच्याला सावध करता येते.

नदीकाठच्या गावांतल्या श्रोत्यांना माझी एक विनंती आहे. येत्या रविवारी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा आणि विचारा, पाणी कुठवर आले होते? जी जागा ते दाखवतील तिथे भिंतीवर रंगाने एक रेघ मारा आणि शेजारी साल लिहा. एवढे झाले तरी पुष्कळ झाले.